मारायलाच गेल्तो

"तुम्ही स्वयंपाकघरातून मॅनेजरच्या खोलीकडे कशासाठी गेलात?" सरकारी वकील हागिनो यांनी विचारलं. मी ते मराठीत केलं.

हणमंत दुबुलेनं माझ्याकडे बघितलंही नाही. दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, समोरच्या लाकडी कठड्याकडे बघत तो म्हणाला, "कशासाठी म्हंजे? मारायलाच गेल्तो त्येला."

आणि मी जपानीत सांगितलं, "त्याला ठार करायलाच गेलो होतो."

उंच मंचावर नऊ जण बसले होते. मधे काळ्या झग्यातले तीन न्यायाधीश आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना सहा साधी माणसं. जपानात मोठ्या गुन्ह्याच्या खटल्यात अशी सहा माणसं चिठ्ठीनं निवडून न्यायाधीशांबरोबर बसवतात. कुणी शाळेत शिपाई, कुणी दुकानदार, एक सत्तरीच्या आजीबाई. सहाही माना एकदम खाली गेल्या आणि सहा पेनं चालू लागली. मधल्या खुर्चीतले न्यायाधीश उकाई तेवढे काही लिहीत नव्हते. ते हणमंतकडे बघत होते.

हागिनो जागचे हलले नाहीत. चांगला वकील अशा वेळी घाई करत नाही. पहिल्या दिवशी आरोपीनं जीव घ्यायचा हेतू नव्हता असं सांगितलं होतं, याची त्यांनी अगदी सौम्यपणे आठवण करून दिली आणि पुढचा प्रश्न विचारला. "ठार करायचं तुम्ही कधी ठरवलंत?"

मी मराठीत विचारलं, "मारायचं तुम्ही कधी ठरवलंत?"

"फोन ठिवला तवाच," हणमंत म्हणाला.

"फोन ठेवला त्याच क्षणी," मी म्हणाले. हागिनोंनी मान लववली आणि आपले प्रश्न संपल्याचं सांगितलं. बारा वाजले होते. जेवणाची सुट्टी झाली.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला समाधान वाटलं होतं. अवघड वाक्य एका दमात, न अडखळता नेलं की वाटतं तसं, असं मी स्वतःला सांगितलं.

गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. शहराचं नाव सांगत नाही, दुभाष्यानं सांगायचं नसतं. मी पुण्याची, रोहिणी परचुरे. नवऱ्याच्या नोकरीमुळे जपानात आले, भाषा आधीच शिकलेली होती, आणि त्या भागात कोर्टाच्या यादीवर मराठीपुढे एकच नाव होतं. माझं. जपानी जिभेला 'परचुरे' म्हणजे शिक्षाच, म्हणून सगळे मला नुसतं 'दुभाषी' म्हणत. मलाही ते आवडायचं. नऊ वर्षांत माझ्या कामात कुणी एक चूक काढली नव्हती. काढणार कोण, मराठी येत होतं कुणाला?

हणमंत जत तालुक्यातला. आमच्या त्या जपानी शहरातल्या एका भारतीय हॉटेलात आचारी होता. त्याची आई गावाकडे अत्यवस्थ झाली, तेव्हा फोन लागेना म्हणून भावानं हॉटेलच्या ईमेलवर मोडक्यातोडक्या इंग्रजीत निरोप पाठवला होता. सुट्ट्यांचा आठवडा होता, गिऱ्हाईक ओसंडून वाहत होतं. मॅनेजर ओकुदांनी निरोप वाचला आणि चार दिवस दाबून ठेवला. पाचव्या दिवशी भावाचा फोन आला, निरोपाचं हणमंतला त्यातच कळलं, आणि तोवर आईचं सगळं आटोपलं होतं. हणमंत कांदा चिरत होता. फोन ठेवून तो तसाच सुरीसकट ओकुदांच्या खोलीत गेला. ओकुदांच्या खांद्यापासून मानेपर्यंत चौदा टाके पडले. पोलिसांपुढे हणमंतनं तोंडच उघडलं नव्हतं. कोर्टात तो पहिल्यांदा बोलत होता.

वादाचा मुद्दा एवढाच होता. तो जीव घ्यायला गेला होता की नाही? गेला असेल तर सात-आठ वर्षं तुरुंग. नसेल तर नुसत्या दुखापतीचा गुन्हा, आणि तो घरी परत.

उकाईंना मी खटल्याच्या आधी एकदाच भेटले होते. दुभाष्यांना कामाची पद्धत समजावून देण्याची एक बैठक असते. पन्नाशी ओलांडलेला, किरकोळ अंगाचा माणूस. जपानी न्यायाधीशांच्या जुन्या रीतीप्रमाणे कागदपत्रं एका जांभळ्या कापडात गाठोड्यासारखी बांधून आणली होती. गाठ सोडताना त्यांच्या हाताला आंबूस वास आला आणि मी चटकन वर बघितलं. आमच्या घरी विरजणाच्या भांड्याला असायचा, तसा.

ते ओशाळले. "माफ करा, कितीही धुतला तरी जात नाही," म्हणाले. मग त्यांनी सांगितलं की ते घरी तांदळाच्या कोंड्यात भाज्या मुरवतात. मीठ घातलेला ओला कोंडा, एका मातीच्या बरणीत. बरणी आईची, तिला तिच्या सासूनं दिलेली. जपानात न्यायाधीशाची दर तीन-चार वर्षांनी बदली होते. पार उत्तरेच्या बर्फातल्या बंदरापासून दक्षिणेच्या बेटापर्यंत त्यांच्या नऊ बदल्या झाल्या होत्या, आणि नऊही वेळा बरणी त्यांच्या मांडीवर बसून गेली होती. ती रोज हातानं ढवळावी लागते, एक दिवस चुकवून चालत नाही.

"तरुणपणी एकदा मी लांबलचक निकाल लिहीत होतो," ते म्हणाले. "दहा दिवस हात घातला नाही. वरून अगदी छान दिसत होतं. खाली सगळं नासलं होतं. तेव्हापासून रोज तळातलं वर आणतो." जरा थांबून म्हणाले, "कोर्टात काही चुकलं तर लगेच सांगा. न चुकणाऱ्या दुभाष्याची मला भीती वाटते."

मी हसून मान डोलावली. मनात म्हटलं, मी चुकत नाही.

त्या दिवशी सुट्टी झाली आणि दोन रक्षकांनी हणमंतच्या हातात बेड्या आणि कमरेला दोरी बांधली. जपानात आरोपीला तसंच नेतात. माझ्या टेबलाजवळून जाताना तो थबकला. मला त्याच्याशी कोर्टाबाहेरचं बोलायची परवानगी नव्हती. पहिल्या दिवशी "म्याडम, कुठल्या तुमी?" असं त्यानं विचारलं होतं, तेव्हा मी तोंड फिरवलं होतं. नियम होता हे खरं. पण तोंड फिरवायला मला बरंही वाटलं होतं, हेही खरं.

"म्याडम," तो हळूच म्हणाला, "नीट सांगितलंसा न्हवं? एक कानफाडात द्यायला गेल्तो म्हनून?"

रक्षकानं त्याला दटावलं आणि दोरी ओढली. तो गेला. मी हातातलं पेन ठेवायला गेले, ते खाली पडलं.

दुभाष्यांच्या खोलीत मी डबा उघडला आणि तसाच मिटला. मारायलाच गेल्तो. एकच शब्द माझ्या डोक्यात फिरत राहिला. माशी मारतात, टिचकी मारतात, गप्पा मारतात. मास्तर पोराला मारतात. आणि माणूस माणसाला मारतो तेव्हा मराठी थांबून विचारते, म्हणजे नक्की काय? जपानी विचारत नाही. तिथे हात उगारायला एक शब्द आणि जीव घ्यायला दुसरा. दोन दारं होती, आणि मी बेलाशक एक उघडून त्याला आत ढकललं होतं. शिवाय जपानीतून मराठीत परत येताना हागिनोंचं 'ठार' मी पुन्हा 'मारायचं' करून त्याच्या पुढ्यात ठेवलं. त्याला बिचाऱ्याला थप्पडच ऐकू आली. त्यानं प्रामाणिकपणे उत्तर दिलं.

त्या इमारतीत हे कळणारं माणूस एकच होतं, मीच. कोर्टात सगळं ध्वनिमुद्रित होतं, पण ती फीत कोण ऐकणार होतं, आणि ऐकून त्याला काय कळणार होतं? सांगितलं तर यादीवरचं नाव जाईल. नऊ वर्षांचे जुने खटलेही लोक उकरून काढतील. मग मला एक युक्ती सुचली, तिची अजून लाज वाटते. दुपारी न्यायाधीश स्वतः प्रश्न विचारतात. तेव्हा हळूच सौम्य शब्द वापरायचे. न बोलता फाटलेलं शिवून टाकायचं. पण त्या आजीबाईंच्या वहीत 'ठार' लिहिलेलं होतं, ते मी कशानं पुसणार होते?

एक वाजून दहा मिनिटांनी सगळे उभे राहिले, वाकले, बसले. उकाईंनी कागद पुढे घेतला. मी मात्र उभीच राहिले.

"दुभाष्याला दुरुस्ती करू द्यावी," मी म्हणाले.

हे आमचं ठरलेलं वाक्य. आकडा चुकला, गावाचं नाव चुकलं की म्हणायचं. नऊ वर्षांत मी ते एकदाही म्हटलं नव्हतं. मी मान खाली घालून, टेबलावरच्या कागदाकडे बघत सांगितलं की सकाळच्या एका उत्तरात मी 'ठार करणे' असं म्हटलं आणि पुढच्या प्रश्नातलं 'ठार करणे' आरोपीला त्याच्याच शब्दात विचारलं, पण त्यानं वापरलेल्या शब्दाचा साधा अर्थ 'मारहाण करणे' असा होतो.

हागिनो उठले. त्यांचा आवाज चढला नाही. त्यांनी विचारलं, "सुट्टीत आरोपी तुमच्याशी बोलला का?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"बोलला," मी म्हणाले.

"काय बोलला?"

मी सांगितलं, त्या थपडेसकट सगळं. सांगता सांगता मलाच ऐकू येत होतं की ते किती वाईट दिसतंय. सकाळी कबुली, दुपारी आरोपीची कुजबूज, आणि लगेच त्याचीच भाषा बोलणाऱ्या बाईची दुरुस्ती. हागिनो म्हणाले, की दुभाषी अनुभवी आहेत, सकाळी त्या क्षणभरही अडखळल्या नाहीत. त्यांचं पहिलं भाषांतर निःपक्ष होतं, दुसरं तसं मानता येत नाही. सकाळची नोंद आहे तशी राहावी. मंचावरच्या दोघातिघांनी माना हलवल्या. मला त्यांचा राग आला नाही. मी तिथे असते तर मीही हलवली असती.

उकाईंनी सकाळची फीत लावायला सांगितली. हणमंतचा जाड आवाज कोर्टभर घुमला. मारायलाच गेल्तो त्येला. सगळ्यांनी ऐकलं आणि कुणालाच काही कळलं नाही.

"दुभाषी," उकाई म्हणाले, "हा शब्द तुम्हाला उद्देशून कधी कुणी वापरला आहे का?"

असला प्रश्न मला अपेक्षित नव्हता. "माझ्या आईनं," मी म्हणाले.

"किती वेळा?"

"रोज दोनदा तरी. 'मारीन हं तुला.' दूध प्यायले नाही की."

आजीबाईंच्या ओठांच्या कडा हलल्या. हागिनो लगेच म्हणाले की आईच्या हातात सुरी नसते. आणि ते बरोबरच होतं. शब्द साधा असला म्हणून हेतू साधा ठरत नाही. उकाईंनीही मान डोलावून ते मान्य केलं. मग त्यांनी समोरचा कागद मिटला. मला वाटलं, संपलं. सकाळची नोंद तशीच राहणार.

"आता भाषा बाजूला ठेवू," ते म्हणाले. त्यांनी रक्षकांना हणमंतपासून दोन पावलं मागे व्हायला सांगितलं, कारकुनाला एक पेन आणायला लावलं आणि मला म्हणाले, "आरोपीला एवढंच सांगा. हे पेन म्हणजे सुरी. त्या दिवशी खोलीत शिरल्यावर काय केलं ते करून दाखवा. तो बोलला तरी तुम्ही भाषांतर करू नका."

मी हणमंतला तेच सांगितलं, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. बोलताना मी प्रत्येक शब्द दोनदा तपासला. 'मारून दाखव' असं तोंडातून गेलं असतं तर? मी 'केलंत ते करून दाखवा' म्हणाले.

कारकुनानं पेन कठड्यावर ठेवलं. हणमंतनं ते उजव्या हातात घेतलं, कांदा चिरताना धरतात तसं, टोक खाली, आणि हात मांडीशी सोडला. समोर कुणी नव्हतं, तरी त्यानं मान जराशी वर केली, म्हणजे ओकुदा त्याच्याहून उंच असणार. त्याच्या नाकपुड्या हलायला लागल्या. मग त्यानं डावा हात उचलला आणि पूर्ण ताकदीनिशी हवेत एक थप्पड हाणली.

पेन धरलेला उजवा हात जागचा हलला नव्हता.

तेवढ्यावर तो थांबला नाही. समोरच्यानं झडप घालून त्याचं उजवं मनगट पकडलं, ओढाओढ झाली, हात वर गेला, हे सगळं त्यानं दोघांच्या वतीनं एकट्यानं करून दाखवलं. पेनाचं टोक त्याच्या स्वतःच्याच खांद्याला लागलं. तो दचकला, पेनाकडे बघितलं, आणि ते कठड्यावर ठेवून रडायला लागला. इतके दिवस तो रडला नव्हता. काहीतरी बोलतही होता, आईबद्दल. मला सांगितलं होतं म्हणून मी भाषांतर केलं नाही.

उकाईंनी पुराव्यातला सातवा फोटो पडद्यावर दाखवायला सांगितला. ओकुदांचा चेहरा. उजवा गाल सुजून लाल झाला होता. पडताना लागलं असावं, असं तीन दिवस सगळे धरून चालले होते. समोरून डाव्या हातानं थप्पड मारली तर ती उजव्या गालावर बसते, हे कुणाला सांगावं लागलं नाही. आजीबाईंनी वही उघडली आणि सकाळच्या पानावर काहीतरी खोडलं. हागिनो फोटोकडे बघत राहिले, मग बसले.

"नोंदीसाठी आणखी तीन प्रश्न," उकाई मला म्हणाले. "तुमच्या भाषेत जीव घेण्याला वेगळा शब्द आहे का?"

"आहे. ठार मारणे, जिवे मारणे."

"आरोपीनं तो वापरला?"

"नाही."

"मग तुम्ही का निवडलात?"

उत्तर तयार होतं. शब्द अनेकार्थी आहे, बोली वेगळी आहे, घाई झाली. सगळं खरं होतं आणि सगळ्यांना पटलं असतं. मी तोंड उघडलं आणि मला सकाळचं ते समाधान आठवलं. ते अवघड वाक्य नेल्याचं नव्हतंच. बघा, शेवटी कबूल झालाच, असं ते होतं. तीन आठवडे मी ते आरोपपत्र वाचत होते. कमरेला दोरी बांधलेला हा माणूस माझ्या भाषेत बोलतो, याचीच मला पहिल्या दिवसापासून लाज वाटत होती. त्याचं 'गेल्तो', त्याचं 'म्याडम', त्याचा जत तालुका. पहिल्या दिवशी त्यानं नाही म्हटलं, तेव्हा खोटं बोलतोय असं मी धरलं होतं.

"कारण मी निकाल आधीच दिला होता," मी म्हणाले. "तो काय म्हणणार हे मला माहीत आहे, असं मला वाटत होतं."

उकाईंनी कारकुनाला ते शब्दशः लिहून घ्यायला सांगितलं. मग मला आभार मानून मोकळं केलं. पुढच्या कामासाठी आणि माझं सगळं भाषांतर तपासण्यासाठी लांबच्या शहरातून दुसरा दुभाषी आला. त्यानं आणखी दोन किरकोळ चुका काढल्या, त्याही माझ्याच. हणमंतला दुखापतीबद्दल दोन वर्षांची शिक्षा झाली, तीही स्थगित. तो महिन्याभरात गावी परतला. मला पुन्हा कुठल्याच कोर्टानं बोलावलं नाही. यादीवरून नाव काढल्याचं पत्रही आलं नाही, फोन यायचे फक्त थांबले. मी शिकवण्या घेऊ लागले. विद्यार्थ्यांना 'मारणे' शिकवायला मी एक अख्खा तास घेते. त्यांना ती बाईंची लहर वाटते.

गेल्या महिन्यात उकाई देशाच्या सर्वोच्च न्यायालयावर नेमले गेले. एका विद्यार्थिनीनं वाचायला म्हणून त्यांच्या ओळखीचं पान आणलं. नव्या न्यायाधीशांची असते तशी सगळी माहिती होती. जन्मगाव, कुठे कुठे बदल्या, सगळी मिळून तेरा गावं. छंद: कोंड्यातल्या भाज्या. बरणी आता शंभरीला आली आहे, असंही लिहिलं होतं. खाली 'आवडतं वचन' असा एक रकाना होता. तिथे बहुतेक जण चार चित्राक्षरांचं एखादं प्राचीन, भारदस्त सुभाषित लिहितात.

उकाईंनी लिहिलं होतं: "दुभाष्याला दुरुस्ती करू द्यावी."

मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं होतं, हे कुणाचं वचन? त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. "एका दुभाषी बाईंचं. त्या हे म्हणाल्या तेव्हा त्यांचे दोन्ही हात थरथरत होते, आणि तरी त्यांनी वाक्य पुरं केलं."

विद्यार्थिनी पुढचं वाचायची वाट बघत होती. मी माझ्या हातांकडे बघत बसले. ते थरथरत होते हे मला माहीतच नव्हतं. खटल्याच्या तिन्ही दिवसांत या माणसानं बोलणाऱ्याकडेच बघितलं होतं, दुभाष्याकडे कधी नाही. त्या एका वाक्याला बोलणारी मीच होते, आणि मी तर तेव्हा मान खाली घालून उभी होते.